तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्रामर विकत का नाही घेतला

"दोन-तीनशे रुपयांत यूएसबीवाला प्रोग्रामर मिळतो, मग तू घरी कशाला बनवत बसलास?" (प्रोग्रामर म्हणजे इथे माणूस नव्हे, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम चिपमध्ये भरणारं छोटं यंत्र.) ऑफिसातली पोरं विचारतात, मेव्हण्याने विचारून झालंय, परवा आमच्या बिल्डिंगमधल्या अकरावीच्या मुलाने पण विचारलं. दरवेळी "पैसे नव्हते रे" म्हणून सुटतो. ते अर्धं खोटं आहे.

२०१० साली बाबांनी रेडिमेडसाठी पैसे दिले होते. मी ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवर पंचवीस पिनचा कनेक्टर, मूठभर रेझिस्टर आणि एक झिरो पीसीबी (नुसती भोकं असलेला कोरा बोर्ड) घेतला, उरलेल्या पैशांचं काय झालं ते इथे सांगणार नाही. परळच्या चाळीतल्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरला मागे प्रिंटरचा पॅरलल पोर्ट होता. त्याच्या वायरी सॉफ्टवेअरमधून एकेक करून वर-खाली (म्हणजे त्यांचं व्होल्टेज चालू-बंद) करता येतात आणि एव्हीआरमध्ये (एटमेगा८ सारख्या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये) प्रोग्राम भरायला तेवढंच लागतं: क्लॉक, डेटा आत, डेटा बाहेर, रिसेट, ग्राउंड. (लॅपटॉपला यूएसबी-टू-पॅरलल केबल लावून जमणार नाही, ती फक्त प्रिंटरशी बोलते. हेही दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.)

आणि ज्या यूएसबीएएसपीचं, म्हणजे त्या यूएसबीवाल्या प्रोग्रामरचं, तुम्हाला एवढं कौतुक आहे ना, त्याच्या पोटात पण एक एटमेगा८ च असते. ती कोरी असेल तर तिच्यात फर्मवेअर, म्हणजे तिचा स्वतःचा प्रोग्राम, कोण भरणार? आधी कोंबडी की आधी अंडं. पुढे मी यूएसबीएएसपी पण घरीच बनवला, त्याचं पहिलं फर्मवेअर याच चार रेझिस्टरच्या जुगाडाने भरलं. हे मी अभिमानाने सांगतो. पुढचं सांगत नाही.

मित्राचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, पाण्याच्या टाकीची लेव्हल दाखवणारा. सोमवारी सकाळी सबमिशन, रविवारी रात्री हा माझ्याकडे, चिप एकच, एटमेगा८, आणि रविवारी लॅमिंग्टन रोड बंद. काम पाच मिनिटांचं होतं: चिप फॅक्टरीतून १ मेगाहर्ट्झवर येते, ती ८ वर न्यायची, म्हणजे लो फ्यूज ई१ चा ई४ करायचा, बस. (फ्यूज म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंगचे आकडे, लो आणि हाय; हेक्समध्ये लिहितात म्हणून त्यात अक्षरंही येतात.) पण माझं सॉफ्टवेअर दोन्ही फ्यूज एकदम लिहायचं, हाय फ्यूज जसा वाचला तसाच परत.

आता केबल. वीतभर असायला हवी होती, माझी दीड मीटर होती, कारण सीपीयू टेबलाखाली आणि प्रिंटरची जुनी केबल कापायचा मला कंटाळा. त्यामुळे वाचताना चुका व्हायच्या: सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, कधी १ई ९३ ०७ अशी बरोबर यायची, कधी मधल्या ९३ च्या जागी १३. म्हणजे सगळ्यात वरचा बिट (आकड्यातल्या आठ ०-१ पैकी पहिला) १ चा ० होऊन गळायचा. मी परत रीड दाबायचो, बरोबर आली की पुढे.

त्या रात्री हाय फ्यूज ५९ आला. असायला हवा होता डी९. तोच वरचा बिट. आणि फ्यूजमध्ये सगळी उलटी गंगा, ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद, आणि तो बिट ० झाला की रिसेटची पिन रिसेट राहतच नाही, साधी पिन होते, मग या पद्धतीने चिपच्या आत शिरायचा रस्ताच बंद. मला ५९ दिसला होता. मी अनेक वर्षं म्हणत आलो की लक्षात आलं नाही, पण दिसला होता, मला वाटलं यानेच आधी काहीतरी सेट केलं असेल, आणि तो मागे उभा राहून "झालं का, झालं का" करत होता. राईट दाबलं. ओके आलं. पॉवर काढून परत दिली आणि सिग्नेचर एफएफ एफएफ एफएफ. दहा वेळा, वीस वेळा. आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. शेवटी मित्राने चिप माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला.

"मग विकतचा घेतला असतास तर?" केबल छोटी असती, कदाचित ५९ आलाच नसता. पण ५९ बघूनही पुढे जाणारा माणूस तोच असता ना. आणि दुसरं, त्याने ती चिप आदल्या दिवशी बेसमध्ये (चिपच्या सॉकेटमध्ये) उलटी बसवली होती, चटका बसेल इतकी तापली होती, हे त्यानेच सांगितलेलं. म्हणजे ती आधीच अर्धमेली असू शकते. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत फिरलो, आज लिहितानाही जरा जास्तच जोर लावलाय, कळतंय मला.

चिप अजून माझ्याकडे आहे, थर्माकोलच्या तुकड्यात खोचलेली. फ्यूजचा घोळ असेल तर रिसेटवर १२ व्होल्ट देऊन, वीसेक वायरी जोडून पॅरलल मोडमध्ये (चिपच्या आत शिरायचा दुसरा रस्ता) ती परत उठवता येते. सामान सगळं घरात पडलंय. उठली तर चूक माझी, नाही उठली तर त्याची. दर रविवारी दुसरं काहीतरी काम निघतं.