जिनिव्हात मागितलेली सवलत आणि आपल्याच कायद्यातले कलम 92

मे 2021 मध्ये दाजींसाठी टोसिलिझुमॅब या गंभीर कोविड रुग्णांना दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाची चिठ्ठी घेऊन मी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरची आणि राजारामपुरीतली औषध दुकाने दोन दिवस पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, ‘वरूनच माल नाही.’ दाजी त्या इंजेक्शनाशिवाय बरे झाले, पण हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. देशात येणारा त्याचा साठा एका स्विस कंपनीकडून आयात होत होता.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मलाही अभिमान वाटला होता, त्यामुळे बौद्धिक संपदेचे हक्कच नकोत, असे मी म्हणणार नाही. मात्र औषधाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. त्याच बळावर उभ्या राहिलेल्या सिप्ला या भारतीय कंपनीने 2001 मध्ये एचआयव्हीची औषधे एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरला देऊ केली, जेव्हा पेटंटधारक कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या घरात होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पासून औषधावरच पेटंट देणे भाग पडले, तरी राष्ट्रीय आणीबाणीत इतर उत्पादकांना सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची परवानगी, देण्याची आणि मूळ कंपनीला रॉयल्टी देण्याची वाट कलम 92 ने उघडी ठेवली.

2 ऑक्टोबर 2020 रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेसह जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे कोविडसंबंधी पेटंट तात्पुरते स्थगित करण्याची मागणी केली, याचे मला आजही मोल वाटते. परंतु मे 2021 मध्ये, आम्ही दुकाने धुंडाळत होतो त्याच दिवसांत, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन पेटंट कायद्यातील हे अधिकार वापरणे या टप्प्यावर उलटे परिणाम करणारे ठरेल, असे सांगितले. जगाकडे मागितलेली मोकळीक घरात असूनही वापरली नाही, हे मला पटत नाही.

टोसिलिझुमॅबसारखे जैविक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवावे लागणारे औषध परवाना मिळताच दोन दिवसांत तयार झाले नसते, हे मान्य आहे. त्यासाठी उत्पादनाचे ज्ञानही हस्तांतरित व्हावे लागते. पण कोविडवरच वापरली जाणारी बॅरिसिटिनिब ही साधी गोळी होती. नॅटको कंपनीने तिच्यासाठी सक्तीच्या परवान्याचा अर्ज करताच त्याच महिन्यात मूळ अमेरिकी कंपनीने नॅटकोसह अनेक भारतीय कंपन्यांना स्वेच्छेने परवाने दिले. एका अर्जाने इतके घडले, तर सरकारने स्वतः कलम 92 ची अधिसूचना काढली असती तर काय झाले असते, याचा विचार आपल्या लोकप्रतिनिधींनी करायला हवा होता.

जिनिव्हात निर्णय झाला तो 17 जून 2022 रोजी, तोही फक्त लशींपुरता. औषधे आणि चाचण्यांचा निर्णय सहा महिन्यांवर ढकलला गेला आणि पुढे त्यावर एकमत झालेच नाही. लशींचा तो निर्णय झाला तेव्हाच दुसरी लाट ओसरून जवळजवळ वर्ष झाले होते.