नावाचा रकाना

इंग्रजी शिकवण्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांत फॉर्म भरण्याचा धडा अगदी सुरुवातीला येतो. पहिले नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता असे मोजके शब्द असतात, व्याकरण जवळजवळ नसतेच आणि शिकलेले दुसऱ्याच दिवशी कामाला येते, म्हणून हा धडा सोपा समजला जातो. निर्वासितांच्या वर्गात मात्र याइतका अवघड धडा दुसरा नसेल, असे मला वाटते, आणि तसे वाटायला लावणाऱ्या एका दिवसाची हकीकत इथे सांगते आहे.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दिल्लीत आले आणि मालवीय नगरजवळ एका छोट्या संस्थेच्या खोलीत प्रौढ निर्वासितांना इंग्रजी शिकवू लागले. आजूबाजूच्या खिडकी एक्स्टेंशन आणि हौज रानी या वस्त्यांत अफगाण आणि सोमाली कुटुंबे राहतात. म्यानमारमधून आलेले चिन जमातीचे लोक मुख्यतः पश्चिम दिल्लीत, विकासपुरी आणि उत्तम नगरच्या बाजूला असतात. त्यांच्यापैकी काही जण जनकपुरी वेस्टहून मेट्रोने हौज खासपर्यंत येऊन आमचा वर्ग गाठतात. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे या लोकांजवळ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने दिलेले एक ओळखपत्र असते आणि त्यावरच्या नावावर त्यांचे बरेच काही अवलंबून असते. मुलाची शाळा, भाड्याची खोली, दवाखाना, पुढे कधी तिसऱ्या देशात जायचे झाले तर तिथली मुलाखत, अशा प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस आधी कार्ड मागतो आणि मग बाकीच्या कागदांवरची नावे कार्डाशी ताडून पाहतो.

त्या दिवशी फॉर्म काढायचे कारण आमच्या वर्गातल्या खाला, म्हणजे मावशी, होत्या. अफगाणिस्तानच्या गझनी प्रांतातल्या एका खेड्यातून आलेल्या या हजारा समाजातल्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि वर्गात सगळेच, सोमाली बायकासुद्धा, त्यांना खाला म्हणत. त्या कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना दरी, म्हणजे अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी, हीसुद्धा लिहिता-वाचता येत नव्हती. एका सरकारी रुग्णालयात त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट तयार होता, पण कार्डावरचे नाव आणि रुग्णालयाच्या कागदावरचे नाव जुळत नाही म्हणून खिडकीवरच्या माणसाने तो द्यायला नकार दिला होता. नेमके काय जुळत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्गात आणले. तो प्रश्न आपण मिळून सोडवू, पण आधी सगळ्यांनी आपापला फॉर्म भरायचा, असे ठरले.

पहिल्याच रकान्यात अडचण आली. मोगादिशूहून आलेल्या एका आईने विचारले की आडनावाच्या जागी काय लिहायचे. सोमाली माणसाचे नाव म्हणजे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. लग्नानंतर बाईचे नाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोच्या नावात समान शब्द नसतो आणि आईच्या नावातला एकही शब्द मुलाच्या नावात येत नाही. मुलाच्या शाळेतल्या लेखनिकाने त्यांना तीनदा विचारले होते की हे मूल तुमचेच ना. त्यांचे दुसरे दुःख अक्षरांचे होते. सोमाली भाषा १९७२ पासून अधिकृतपणे रोमन लिपीत लिहिली जाते, पण त्या लेखनात घशातून येणाऱ्या ‘ह’साठी एक्स हे अक्षर वापरतात. त्यामुळे सोमाली पद्धतीने लिहिलेले हसन हे साधे नाव आपल्याकडचा लेखनिक ‘क्सासान’ असे पुकारतो आणि ज्याचे नाव पुकारले तो माणूस रांगेत तसाच बसून राहतो. बाईंना सगळी इंग्रजी अक्षरे आधीपासून येत होती. ती आपल्या सवयीने वाचली जाणार नाहीत, एवढेच त्यांना नव्याने शिकायचे होते.

मी फळ्यावर माझे पूर्ण नाव लिहिले आणि सांगितले की आमच्या महाराष्ट्रातही मधले नाव वडिलांचे असते, लग्नानंतर तिथे बहुधा नवऱ्याचे येते आणि आडनावही बदलते. अर्धा वर्ग चकित झाला. वडिलांचे नाव बदलतेच कसे, असे त्या सोमाली बाईंनी इतक्या मनापासून विचारले की त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

चिन तरुणाची गोष्ट वेगळी होती. तो फलाम ही चिन भाषा बोलतो, बर्मी बोलतो, कामाच्या ठिकाणी हिंदी बोलतो, आणि इंग्रजी ही त्याची चौथी भाषा. त्याच्या नावात तीन शब्द आहेत, पण ते तिन्ही मिळून त्याचे एकच नाव होते. त्यांत वडिलांचे नाव नाही की कुळाचे नाही. म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही. संयुक्त राष्ट्रांचे एके काळचे सरचिटणीस ऊ थांट यांच्या नावातला ‘ऊ’ हा आपल्या ‘श्री’सारखा आदराचा शब्द आहे, आणि थांट एवढेच त्यांचे नाव. या तरुणाच्या बाबतीत एका कार्यालयाने शेवटचा शब्द आडनाव धरला होता, दुसऱ्याने पहिला. त्याचा सख्खा भाऊ त्याच्याबरोबरच दिल्लीत आला, पण दोघांच्या नावांत एकही शब्द सारखा नाही. आपण भाऊ आहोत हे सिद्ध करायला दोघांना किती कागद गोळा करावे लागले, हे तो हिंदीत सांगत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेला काबूलचा शिंपी मान हलवत होता, कारण त्याच्या मूळ कागदांत तर एकच शब्द होता. अफगाणिस्तानात अनेकांना एकच नाव असते; ओळख पटवण्यासाठी वडिलांचे आणि आजोबांचे नाव सांगतात आणि आडनाव लागलेच तर ते माणूस स्वतः निवडतो. अशा माणसाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला की त्याचे एकुलते नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, अशी अक्षरे छापली जातात. तिथे पोचल्यावर बँकेत आणि दवाखान्यात लोक त्याला ‘फनू’ म्हणून हाक मारतात. शिंप्याच्या चुलतभावाचे असेच झाले होते.

जन्मतारखेच्या रकान्याशी आलो तेव्हा वर्गातल्या अफगाण मंडळींपैकी बऱ्याच जणांनी एकच तारीख लिहिली, १ जानेवारी. फक्त वर्ष ठाऊक असले की नोंदणी करताना १ जानेवारी लिहून टाकण्याची रीत ठिकठिकाणी आहे. अफगाणिस्तानच्या जुन्या तझकिऱ्यात, म्हणजे तिथल्या ओळखपत्रात, जन्मतारीख नसायचीच. अमुक साली चेहऱ्यावरून वय इतके, अशी नोंद असायची. पण याचा अर्थ त्या माणसाला आपला जन्म कधीचा हे माहीत नसते असा नाही. शिंपी म्हणाला, माझा जन्म १३६३ च्या मीझानचा, आईने सांगितले आहे, द्राक्षे उतरवत होते. अफगाण सौर पंचांगात वर्ष नवरोजला, २१ मार्चच्या सुमाराला सुरू होते आणि महिन्यांची नावे राशींची असतात. हमल म्हणजे मेष, सवर म्हणजे वृषभ, आणि मीझान म्हणजे तूळ. हे ऐकून मी फळ्यावर आपल्या बारा राशी आणि त्यांचे बारा महिने शेजारी शेजारी लिहिले; ते एकामागून एक जुळत गेले. त्यांच्या वर्षात ६२१ मिळवायचे आणि जानेवारी ते मार्चच्या मधल्या तारखांसाठी ६२२, हा हिशेब सगळ्यांनी वहीत उतरवला. शिंप्याचा जन्म १९८४ च्या सप्टेंबरअखेरचा किंवा ऑक्टोबरातला निघाला. कार्डावरची तारीख त्यामुळे बदलणार नव्हती, आणि फॉर्मवर कार्डाप्रमाणेच लिहा, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तरी वहीच्या मागच्या पानावर त्याने ‘ऑक्टोबर’ हा शब्द स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला, आणि त्या दिवशी त्याने सर्वांत नीट पाठ केलेला इंग्रजी शब्द तोच होता.

मग आईच्या नावाचा रकाना आला आणि खोली गप्प झाली. अफगाण समाजाच्या मोठ्या भागात बाईचे नाव परक्यांसमोर उच्चारत नाहीत. लग्नपत्रिकेवर किंवा थडग्यावरही अनेकदा ते नसते. वर्गात काबूलची एक तरुणी आहे, जिचे विद्यापीठातले शिक्षण २०२१ नंतर अर्धवट राहिले. तिने बाकीच्यांना, माझ्यासाठी मधूनमधून हिंदीत, सांगितले की २०१७ मध्ये तिकडच्या बायकांनी ‘माझे नाव कुठे आहे’ अशी मोहीम सुरू केली आणि २०२० च्या सप्टेंबरात तझकिऱ्यावर आईचे नाव छापण्याची कायद्यात तरतूद झाली. पुढच्याच वर्षी तालिबान आले. एवढे बोलून ती उठली आणि आईचे नाव तिने फळ्यावर लिहिले. मी वर्गाला सांगितले की महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे असा निर्णय झाला आहे. एका वयस्क पुरुषाने आईचे नाव सांगितले नाही. फॉर्मवर लिहिले आणि कागद उलटा ठेवला. मी तो पाहायला मागितला नाही. फॉर्मला लेखी उत्तर हवे असते, आणि तेवढे त्यांना करता आले. आईचे नाव चारचौघांत सांगायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाचा नाही, असे मी मानते.

शेवटी खालांची पिशवी उघडली. त्यांत पासपोर्ट, निर्वासित कार्ड आणि रुग्णालयाचा तो कागद होता, ज्याला आपण केसपेपर म्हणतो आणि दिल्लीत पर्चा म्हणतात. वर्गातले हुशार लोक लगेच वाचून सांगू लागले, पण मी त्यांना थांबवले, कारण खालांना रोमन लिपीतली फक्त स्वतःच्या नावाची अक्षरे येत होती आणि या कामाला तेवढी पुरेशी होती. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर एकाखाली एक असे लावले, की तिन्ही नावांची पहिली अक्षरे एका ओळीत आली. मग उजव्या हाताचे बोट वरच्या नावावर आणि डाव्या हाताचे खालच्या नावावर ठेवून त्या एकेक अक्षर पुढे सरकू लागल्या. चौथ्या अक्षरावर त्या थांबल्या, परत मागे गेल्या, पुन्हा मोजले. कार्डावर तिथे ‘ई’ होते आणि पर्चावर ‘आय’. पुढे पासपोर्टवर एक अक्षर दोनदा आले होते, पर्चावर एकदाच. “हे आणि हे वेगळे आहे,” त्या दरीत म्हणाल्या आणि मला विचारले, “उस्ताद, एवढ्यासाठीच?”

एवढ्यासाठीच होते. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यामुळे तेच नाव रोमन लिपीत आणताना प्रत्येक लेखनिक आपल्या कानाला पटेल तो स्वर घालतो. हुसेन हे नाव कोणी ‘यू’ने लिहितो, कोणी ‘ओ’ने, कोणी एक ‘एस’ घालतो, कोणी दोन. काबूलच्या लेखनिकाने एक लिहिले, दिल्लीतल्या नोंदणीत दुसरे आले, आणि रुग्णालयाच्या गर्दीत तिसऱ्याने हिंदीतल्या उच्चारावरून तिसरेच लिहिले. यांतला कोणी वाईट वागला असे मला म्हणायचे नाही. पण जिला लिहिता-वाचता येत नाही त्या बाईने आपल्या नावाच्या तीन रूपांचा खुलासा करावा, अशी अपेक्षा त्या खिडकीवर होती, आणि तो खुलासा करण्यासाठी लागणारी वाक्ये मी वापरत असलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हती. पुस्तकात ‘माझे नाव अमुक आहे’ असते. ‘हे दोन्ही माझेच नाव आहे’ हे वाक्य नसते.

उरलेला वेळ आम्ही ती वाक्ये बनवण्यात घालवला. प्रत्येकाने आपल्याला कोणते वाक्य लागते ते आपल्या भाषेत किंवा हिंदीत सांगायचे आणि मग आम्ही ते सोप्या इंग्रजीत आणायचे. मला एकच नाव आहे. हे माझ्या वडिलांचे नाव आहे, आडनाव नाही. कृपया कार्डावर आहे तसेच लिहा. हा माझा भाऊ आहे, आमच्यात आडनाव नसते. खालांनी दोन वाक्ये घेतली: “सेम पर्सन, टू स्पेलिंग्ज” आणि “प्लीज करेक्ट इट”. व्याकरणाच्या दृष्टीने पहिले वाक्य पुरे नाही, आणि मी ते पुरे करायला लावले नाही. खिडकीवर उभे राहून ते एका दमात म्हणता आले पाहिजे, हे जास्त महत्त्वाचे होते. सोमाली बाई लेखनिक झाल्या, कपाळाला आठ्या घालून बसल्या, आणि खाला पुन्हा पुन्हा कागद पुढे करून, चौथ्या अक्षरावर बोट ठेवून ती दोन वाक्ये म्हणत राहिल्या. संस्थेने त्यांना दोन्ही रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे एक पत्रही दिले, कारण नुसत्या वाक्यांवर भरवसा ठेवून त्यांना पाठवणे मला योग्य वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट त्यांच्या पिशवीत होता. पत्र दाखवायची वेळ नंतर आली. आधी त्यांनी बोट ठेवले आणि बोलल्या. मग एका वरिष्ठ बाईंनी पर्चावर जुन्या नावापुढे ‘उर्फ’ लिहून कार्डावरचे नाव घातले आणि सही केली.

तेव्हापासून मी कोऱ्या फॉर्मऐवजी कोऱ्या कागदावरून सुरुवात करते. प्रत्येकाने आपले नाव आपल्या रीतीने आणि आपल्या लिपीत लिहायचे, त्यातला कोणता शब्द कोणाचा ते सांगायचे, आणि मग ते इंग्रजी रकान्यांत बसवताना काय कार्डाप्रमाणे लिहावे लागते ते पाहायचे. यात दोन तास जातात आणि अभ्यासक्रम तेवढा मागे पडतो. सध्या फोनवर नाव सांगण्याचा सराव चालू आहे, कारण तिथे अक्षरावर बोट ठेवता येत नाही. सोमालीत ‘प’ हा ध्वनी नसल्यामुळे ‘पी’ आणि ‘बी’ यांची गल्लत होते, आणि अफगाण मंडळींचा ‘ई’ आणि ‘आय’ यांचा घोळ अजून सुटलेला नाही. त्यासाठी आम्ही प्रत्येक अक्षराला एकेका गावाचे नाव जोडतो आहोत. ‘पी’साठी पेशावर घ्यावे की पुणे, यावर वर्गाचे अजून एकमत झालेले नाही.