खोकला मिरचीचा नव्हता

नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो म्हटल्यावर माझ्या खोकल्याचं निदान लोकांनी परस्परच करून टाकलं होतं. पथारींवर मिरची वाळत पडलेली, येणारा-जाणारा शिंकतोय. ‘मिरचीनं काम शे, दुसरं काय!’ मलाही ते पटत होतं. खोकला कोरडा, घशात सारखी खवखव, फोनवर दोन वाक्यं बोललो की उबळ. पण हंगाम संपला, पथारी रिकाम्या झाल्या, तरी ठसका चालूच.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की सरकारी दवाखान्यात आधी टीबीसाठी बेडका तपासतात. आमच्याकडे ते हवंच. पण माझा बेडकाच निघेना! कसाबसा दिला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. छातीचा एक्स-रेही साफ.

मग खासगी दवाखाने. अँटिबायोटिक झालं, ॲलर्जीची गोळी झाली, दम्याचा तोंडाने ओढायचा पंप झाला, ॲसिडिटीची गोळी झाली. हे सगळं उगाच नव्हतं म्हणा. लांबलेल्या खोकल्यामागे बहुतेक वेळा नाकातून घशात उतरणारा स्राव, दमा नाहीतर पोटातलं आम्ल, यातलंच काहीतरी निघतं. राग एवढ्याचाच, की जो तो आधीच्या चिठ्ठीत आपली भर घालत गेला, जुनं काही बंद करायला कोणी सांगितलं नाही.

शेवटी धुळ्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मशीनमध्ये फुंकायला लावलं, ते नॉर्मल. मग म्हणाले, ‘खोकल्याचं औषध राहू द्या, बाकी रोज काय घेता ते दाखवा.’ पिशवीतून बीपीची पट्टी काढली. त्यांनी ती उलटी करून मागचं बारीक नाव वाचलं: रामिप्रिल. ‘ही कधीपासून?’ खोकल्याच्या थोडी आधीपासूनच.

‘प्रिल’ने संपणाऱ्या या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि काहींना असा कोरडा खोकला लागतो. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गोळी मनाने बंद करू नका, असं बजावून त्यांनी तिच्याऐवजी टेल्मिसार्टन ही वेगळ्या गटातली बीपीची गोळी लिहून दिली. खोकला लगेच थांबणार नाही, १ ते ४ आठवडे लागतात, क्वचित ३ महिनेही, हेही सांगितलं. हे ऐकलं नसतं तर आठवड्यातच मी दुसरा डॉक्टर गाठला असता.

खोकला हळूहळू ओसरला. ॲसिडिटीची गोळी आणि पंप त्यांनीच बंद केले. नव्या गोळीवर बीपी आटोक्यात यायला मात्र डोस वाढवावा लागला, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमसाठी, म्हणजे किडनी आणि क्षार ठीक आहेत ना हे बघायला, रक्त द्यावं लागलं.