भाऱ्यातला नेचा आणि तांबडी लघवी

पावसाळा मुरला की आरेकडच्या तबेल्यांतून फोन सुरू होतात. "डॉक्टर, गवताच्या भाऱ्यात हा नेचा निघालाय, म्हशींना चालेल का?" परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलो, प्रॅक्टिस सोडून बरीच वर्षं झाली, पण नंबर काही कुणी पुसत नाही.

सगळे नेचे सारखे नसतात. जगभर बदनाम झालाय तो ब्रॅकन. डोंगरउतारावर, उघड्या माळावर कंबरभर वाढणारा, त्रिकोणी पानांचा. आपल्या चाळींच्या ओल्या भिंतींवर उगवतात ते हे नव्हेत.

ब्रॅकनमध्ये दोन वेगळी विषं आहेत आणि जनावरागणिक घात वेगळा. त्यातलं थायमिनेज बी-वन जीवनसत्त्व मोडतं. घोडा त्यानं झोकांड्या खायला लागतो. वेळेत बी-वनची इंजेक्शनं दिली तर सावरतोही. गाईम्हशींच्या कोठीपोटातले जंतू बी-वन स्वतःच बनवतात, म्हणून त्या यातून बहुतेक सुटतात. त्यांना गाठतं ते टाक्विलोसाइड. थोड्या दिवसांत भरपूर खाल्लं तर हाडांतला मगज रक्त बनवणं थांबवतो आणि जनावर रक्तस्रावानं जातं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मूत्राशयात गाठी होतात, त्यांतून रक्त येतं आणि लघवी तांबडी होते. उत्तराखंड-हिमाचलच्या डोंगरी गाईंमध्ये हा जुना आजार आहे. हे विष दुधातही उतरतं.

आपल्याकडे तांबडी लघवी म्हटलं की आधी गोचिडांचा ताप आठवतो, किंवा व्यालेल्या म्हशीत फॉस्फरसची कमतरता. बरोबरच आहे. पण नमुना काचेच्या नळीत उभा ठेवा. तळाशी लाल साका बसून वरचं निवळलं, तर ते खरं रक्त, मूत्रमार्गातून आलेलं. कॉफीसारखा रंग तसाच राहिला, तर तांबड्या पेशी रक्तातच फुटल्यात. एवढ्यावर निदान होत नाही, पण शोध मूत्राशयाकडे घ्यायचा की गोचीड-फॉस्फरसकडे, ते कळतं. मला तर ही नळी महागड्या तपासण्यांइतकीच आवडते.

चरणारं जनावर पोटभर गवत असलं तर ब्रॅकनच्या वाटेला सहसा जात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी माळ करपलेला असतो, तेव्हा भूक कोवळ्या कोंबांकडे नेते. भाऱ्यात मात्र निवडायची सोय म्हशीला नसते, आणि वाळवला म्हणून ब्रॅकन निर्धोक होत नाही. तेव्हा ओळख पटत नसेल तर तो नेचा उपसून बाजूला टाका, उरलेलं गवत घाला. आणि लघवी तांबडी दिसली तर मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको. स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन जवळच्या पशुवैद्याकडे जा.