मॅगझिन क्रमांक ४

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी, टेक्सासमधील डॅलसच्या उत्तरेकडील, नेमबाजीच्या सरावाच्या एका रेंजवर, माझ्या पिस्तुलातील तिसरे काडतूस नळीत शिरण्याऐवजी नाक वर करून तोंडाशीच अडकले. ते काढून टाकले, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा ओढली, पुढचे दोन बार नीट झाले आणि नंतर पुन्हा तोच प्रकार घडला. सरावावर लक्ष ठेवत मागे उभे असलेले रेंज ऑफिसर पुढे आले. ते सत्तरीच्या घरातले निवृत्त सैनिक आहेत. त्यांनी पिस्तुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी, काढून समोरच्या फळीवर ठेवायला सांगितले आणि एवढेच विचारले, "याचा नंबर काय?"

माझ्या एकाही मॅगझिनवर नंबर नव्हता. भोसरीच्या टूलरूममध्ये मी अकरा वर्षे काढली आहेत. तिथे लॉट नंबर नसलेला एकही नग आम्ही पुढच्या टेबलावर जाऊ दिला नाही, आणि गेजवर, म्हणजे माप तपासण्याच्या साधनावर, क्रमांक कोरलेला नसेल तर त्याला हात लावत नव्हतो. त्या मला एका परक्या माणसाने हा प्रश्न विचारावा, हे मनाला लागले. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे.

मूळ विषयाकडे वळण्याआधी पुण्याहून मामा दर रविवारी फोनवर विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: "अरे, पण तुला पिस्तूल हवंच कशाला?" नोकरी सांभाळून आम्ही नवरा-बायको हायवेलगत एक लहान दुकान चालवतो. ते रात्री अकराला बंद होते आणि दिवसभराची रोकड घेऊन आम्हाला अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत जावे लागते. एच-वन-बी व्हिसावर होतो तोवर हा विचार करण्याचीही सोय नव्हती, कारण शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावरील माणसाला शस्त्र जवळ ठेवता येत नाही. ग्रीन कार्ड आल्यानंतर आम्ही दोघांनी खूप दिवस चर्चा केली आणि मगच निर्णय घेतला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, तरीही मी वर्गात बसलो, ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० बारांची परीक्षा दिली आणि परवाना काढला. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण गावाकडे लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा आणि मी, या दोघांना एकाच मापाने मोजले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता मॅगझिनविषयी. माझे पिस्तूल ग्लॉक ४३एक्स आहे. अंगाने बारीक, शर्टाखाली दिसून न येणारे, आणि मुठीतील मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची १० काडतुसे मावणारे. बंदुकीच्या या वर्गात गेल्या दहा-बारा वर्षांत जे काही घडले ते मुख्यतः मॅगझिनच्या पोटात घडले आहे. २०१५ मध्ये आलेल्या ग्लॉक ४३ मध्ये काडतुसे एकावर एक सरळ रांगेत बसत आणि ती फक्त ६ मावत. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ आणले आणि जवळपास त्याच आकारात १० काडतुसे बसवून दाखवली. युक्ती तशी सोपी आहे. पाइप रचताना वरचा पाइप खालच्या दोन पाइपांच्या खाचेत थोडा उतरतो आणि त्यामुळे ढिगाची उंची कमी होते. तसेच काडतुसे किंचित डावी-उजवीकडे सरकवून रचली की त्याच उंचीत जास्त मावतात. अडचण वरच्या टोकाला येते. खाली नागमोडी बसलेल्या रांगेला तोंडाशी येईपर्यंत पुन्हा सरळ व्हावे लागते, कारण नळीसमोर दर वेळी एकच काडतूस, नेमक्या उंचीवर आणि नेमक्या कोनात यायला हवे.

ते काम मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा करतात. इथे त्यांना फीड लिप्स म्हणतात. खालून स्प्रिंग सतत ढकलत असते, वरच्या काडतुसाला या दोन कडांनी अडवून धरलेले असते आणि स्लाइड पुढे येताना ते काडतूस पुढे सारते. या कडांमधील अंतर थोडे वाढले तरी काडतूस वाजवीपेक्षा वर बसते आणि नाक वर करून नळीच्या कडेला धडकते. म्हणून कुणी मला विचारले की पिस्तुलाचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, तर मी या दोन कडांकडे बोट दाखवीन. शेकडो डॉलरचे पिस्तूल त्यांच्यावर अवलंबून असते, आणि ज्या वस्तूच्या त्या भाग असतात ती साधारण ३० डॉलरला मिळते.

मी जे चौथे मॅगझिन घेतले होते ते ग्लॉकचे नव्हते. एका प्रदर्शनात, कंपनीच्या मॅगझिनच्या निम्म्या किमतीत ते मिळाले होते. आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीऐवजी दुसऱ्याने बनवलेला माल, हा शब्द ऐकला की आपल्या मनात लगेच "डुप्लिकेट" हा शब्द येतो. रिक्षाचा क्लच असो की मोटरसायकलचा चेनसेट, आपल्याकडे माल दोनच प्रकारचा समजला जातो: कंपनीचा आणि लोकल. इथे तसे नाही आणि हे मला उशिरा कळले. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया इथली मेक-गार ही कंपनी १९६५ पासून मॅगझिन बनवते आणि कितीतरी नामांकित पिस्तूल कंपन्या त्यांचा माल स्वतःच्या नावाने विकतात. मोंटानातील बिगफोर्क या लहानशा गावात शील्ड आर्म्स आहे. माझ्याच ४३एक्ससाठी तिने पोलादी मॅगझिन बनवले. मुठीच्या बाहेर एक मिलिमीटरही न येता त्यात १० ऐवजी १५ काडतुसे बसतात. ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये पोलादी अस्तराभोवती प्लॅस्टिकचा जाड थर असतो, तो काढून त्यांनी पातळ पोलादी भिंत ठेवली आणि वाचलेली जागा काडतुसांना दिली. टूलरूममधल्या माणसाला या विचाराचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पण प्रत्येक फायद्याची किंमत कुठेतरी मोजावी लागते. पिस्तुलातील मॅगझिन धरून ठेवणारा खटका मूळचा प्लॅस्टिकचा असतो आणि पोलादी मॅगझिन त्याला हळूहळू कुरतडते. म्हणून त्यासोबत धातूचा खटका बसवावा लागतो. तो बसवला की मूळच्या प्लॅस्टिक मॅगझिनची खाच झिजण्याची भीती असते. म्हणजे एक भाग बदलला की दुसरा बदलावा लागतो, आणि दोन्ही प्रकारची मॅगझिने एकाच पिस्तुलात निर्धास्तपणे वापरता येत नाहीत. उत्पादक हे लपवत नाही, उलट खटका स्वतःच विकतो. आपल्याकडच्या पार्टवाल्याने "बसवा साहेब, काही होत नाही" एवढेच सांगितले असते, हे लिहिताना मला वाईट वाटते. पण भोसरीत असेही कारखानदार मी पाहिले आहेत, ज्यांनी एका मायक्रॉनच्या शंकेवरून अख्खा लॉट परत मागवला. त्यामुळे हा दोष देशाचा आहे असे कुणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही.

माझे स्वस्तातले मॅगझिन या दोन्ही चांगल्या प्रकारांतले नव्हते. त्याला आत अस्तर नव्हते, ते नुसत्या प्लॅस्टिकचे होते. मी ते पूर्ण भरून तीन आठवडे कपाटात ठेवले होते. रेंजवरून घरी आल्यावर भोसरीहून सोबत आणलेला व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचे साधन, काढला आणि कडांमधील अंतर आधी भरलेल्या व नंतर रिकाम्या अवस्थेत मोजले. सतत दाब सोसून प्लॅस्टिक पसरले होते आणि रिकामे केल्यावरही पूर्वपदावर आले नाही. पोलादी अस्तर असलेल्या तिन्ही मॅगझिनमध्ये भरलेले आणि रिकामे यांत मला फरक मोजता आला नाही. स्प्रिंग दाबून ठेवली की मरते अशी एक समजूत आहे. चांगली स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबलेली राहिली तर सहसा टिकते आणि वारंवार दाबण्या-सोडण्यानेच ती थकते. इथे स्प्रिंग निर्दोष होती, तिला आवरून धरणारे तोंड कमकुवत होते.

त्या शनिवारी रेंज ऑफिसरांनी माझ्यासाठी जवळजवळ पाऊण तास घालवला. स्वतःच्या पेटीतून पांढऱ्या रंगाचा पेन काढून दिला आणि प्रत्येक मॅगझिनच्या तळाशी नंबर घालायला सांगितले. पुढचे सगळे बार एकेका मॅगझिनने वेगवेगळे करायला लावले आणि वहीत तारीख, मॅगझिनचा नंबर, बारांची संख्या आणि अडथळा असे रकाने आखून दिले. त्यांचा नियम असा आहे की नव्या मॅगझिनने निदान २०० बार विनाअडथळा केल्याशिवाय ते कमरेला लावायचे नाही, आणि शेवटचे काडतूस उडाल्यावर स्लाइड मागे थांबली नाही तर तोही अडथळाच धरायचा. मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी मान हलवून नकार दिला. आपल्याकडे शस्त्राचा परवाना मिळालेला माणूस ही माहिती अशी हातात देईल का, की परवाना हीच त्याची प्रतिष्ठा असल्यामुळे तो चारचौघांत फक्त शस्त्र दाखवील, हा विचार मनात आला. अर्थात आपल्याकडे सरावाला रेंज किती आणि काडतुसे किती, हेही लक्षात घ्यायला हवे.

कायद्याचा फरक तर रोज जाणवतो. टेक्सासमध्ये मॅगझिन पोस्टाने घरी येते. चौकशी नाही, कागद नाही, कारण इथल्या केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा आणि मॅगझिन हे सुटे सामान. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भागही येतात, आणि ९ मिलिमीटर हा बोअर (नळीच्या छिद्राचे माप) तर सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधितच आहे. निवडणूक लागली की अनेकांना परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. मला मात्र पुण्यात तीच पद्धत योग्य वाटते. ज्या शहरात वाहतुकीच्या भांडणात लोक गाडीतून उतरतात, तिथे माझ्या दुकानातली ही मोकळीक मला नको आहे.

इथेही सगळीकडे टेक्सास नाही. एडिसनला राहणारे आमचे एक स्नेही सांगतात की न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन जवळ असणे हाच गुन्हा आहे. कॅलिफोर्नियाची मर्यादाही १० आहे, कोलोरॅडोची २०१३ पासून १५. त्याच कायद्यामुळे मॅगझिनसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅगपुल कंपनीने कोलोरॅडोतून आपला पसारा वायोमिंग आणि टेक्सासला हलवला. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तर नव्या मॅगझिनला देशभर १० ची मर्यादा होती, आणि १९९५ मध्ये आलेले लहानसे ग्लॉक २६ नेमके १० काडतुसांचे होते.

माझे सहकारी या मर्यादांना हसतात. मला हसता येत नाही. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन इथे एका माथेफिरूने ३३ काडतुसांच्या मॅगझिनने ६ जणांचा जीव घेतला. ते रिकामे झाले आणि तो दुसरे लावू लागला तेव्हाच लोकांनी त्याला जमिनीवर दाबले, आणि ६१ वर्षांच्या एका स्त्रीने ते दुसरे मॅगझिन त्याच्या हाती लागू दिले नाही. माझ्या राहत्या भागाजवळ, ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये, ६ मे २०२३ रोजी ८ जण मारले गेले. आम्ही त्या मॉलमध्ये मुलांचे बूट घेतले होते. म्हणून १५ काडतुसांच्या त्या पोलादी मॅगझिनचे कितीही कौतुक वाटले, तरी मी ते घेतलेले नाही. दुकान बंद करून गाडीपर्यंत जाणाऱ्या माणसाला १० पुरतात, आणि ती दहाच्या दहा खात्रीने नळीत जायला हवीत. हा हिशेब मी मामांनाही सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सांभाळून राहा."

पुढच्या शनिवारी मी वही घेऊन रेंजवर गेलो. नंबर घालताना हात सवयीने मराठीत चालला होता, कारण टूलरूममध्ये माझे खासगी टिपण मी मराठी आकड्यांतच ठेवत असे. रेंज ऑफिसरांनी अडणारे मॅगझिन उचलले, तळ पाहिला आणि गंभीरपणे विचारले, "हे आठवे? मग बाकीची चार कुठे आहेत?" मराठीतला ४ त्यांना इंग्रजी आठ वाटला होता. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या वहीत तो आकडा काढून घेतला आणि शेजारी आपल्या पद्धतीने चार लिहिले.

ते मॅगझिन मी घरी व्हाइसमध्ये धरून तोंडापासून कापले, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरे कुणी वापरायला नको. त्याच्या जागी कंपनीचे नवे घेतले आहे. त्याचे १४० बार झाले असून अजून एकही अडथळा नाही. ६० बाकी आहेत. त्याच्या तळाशी मी ५ लिहिला आहे. भोसरीत बाद झालेल्या गेजचा क्रमांक आम्ही पुन्हा कुणाला देत नसू.