एकाच नावाच्या दोन मुली

माझ्या सासूबाईंचे माहेर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील गिमलीचे. त्यांची आजी १८७६ साली, ऐन अठराव्या वर्षी, आइसलँडहून तिथे आली आणि पुढे कोणी मागचे काही विचारले की "राख पडली, म्हणून निघालो," एवढेच सांगत असे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि वोप्नाफ्योर्दुर हे बंदर, इतकाच धागा तिने मागे ठेवला. तो धरून या उन्हाळ्यात मी आणि माझे यजमान आइसलँडला गेलो.

रेक्याविकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आम्ही चार दिवस बसलो. या देशाने १७०३ सालीच आपल्या ५०,३५८ माणसांची नावानिशी शिरगणती केली होती, त्यामुळे काहीच सापडणार नाही अशी भीती नव्हती. भीती होती ती एकाहून अधिक माणसे सापडण्याची. इथे आडनावे जवळजवळ नाहीतच. माजी राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी विग्दिस. लग्नानंतरही बाई बापाचेच नाव लावते, हे मला फार मोलाचे वाटले, कारण आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात सासरी गेलेल्या मुलीचा माग एका ओळीत संपतो. मात्र नावे थोडी आणि माणसे अनेक, म्हणून माणूस ओळखायचा तो शेतावरून, आणि नेमके शेताचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते.

पाद्री दरवर्षी प्रत्येक शेतावर कोण राहते, वय काय, वाचता कितपत येते, हे चर्चच्या वहीत लिहीत. तपकिरी पडलेल्या शाईतल्या त्या ओळींत आम्हाला आमची मुलगी सापडली, आणि शेजारच्या धर्मग्रामाच्या वहीत पुन्हा एकदा सापडली. तेच नाव, बापाचे तेच नाव, वयात एका वर्षाचे अंतर, आणि १८७६ साली दोघींपुढेही 'अमेरिकेला' अशी नोंद. पहिली शेतकऱ्याची लेक. दुसरीपुढे 'निदुरसेतनिंगुर' असे लिहिले होते, म्हणजे गावाने पैसे देऊन परक्याच्या शेतावर पोसायला ठेवलेली निराधार. तिच्यापुढे 'चांगले वाचते' असाही शेरा होता. तो मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

मग आम्ही पूर्वेकडे, योकुलदालच्या पठारावर गेलो. मार्च १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखीची राख इथे पडली, चराई बुडाली आणि शेते ओस पडली. साइनोयतासेल येथील गवताच्या ढेपांचे घरही तेव्हा पाच वर्षे रिकामे होते. जवळच रस्त्यासाठी कापलेल्या काळ्या मातीत एक फिकट पट्टा दिसला. मी चिमूटभर हातात घेतला. खरखरीत, पण वजन जवळजवळ नाहीच.

यजमानांचा कल पहिलीकडे आहे: उजाड झालेल्या घराचे नाव घेणे तिला जड गेले असेल, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याची लेक आपल्या शेताचे नाव मुलांना कधीतरी सांगतेच; दुसऱ्या मुलीला सांगण्यासारखे आपले शेतच नव्हते.

दोघींच्या आयांची नावे बाप्तिस्म्याच्या नोंदींत वेगवेगळी आहेत. आजीच्या कॅनडातील लग्नाच्या नोंदीत आईचे नाव लिहिलेले असेल, तर निवाडा होईल. तोवर वंशावळीत दोन्ही शेतांची नावे पेन्सिलीने लिहिली आहेत.