आधी रकाना, मग आकडा

रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारात नजर कडांकडून जाते. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. हिशेबनिसाची नोकरी सुटली तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि बी.कॉम. अर्धवट होतं. घरचे मायेने सगळं हातात आणून द्यायचे, मी बसून राहायचो.

एका संस्थेने मार्गदर्शक म्हणून ताईंशी गाठ घालून दिली. त्या स्वतः अंध, बँकेत अधिकारी. कॉलेजच्या फॉर्मचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी फोनवर टॉकबॅक शिक, पडद्यावरचं बोलून दाखवतं ते. ओटीपी दुसऱ्याकडून वाचून घेणार, तर फॉर्म कुणाचा?" रागच आला होता. पण महिनाभर तेवढंच केलं. पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र (अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली असतं तर आरक्षणाचं दार बंदच) आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठात प्रवेश, ही कामं मी एकट्याने उरकली.

खरी कसोटी लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत मी सांगेन ते लिहिणाऱ्याची. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा आपला लेखनिक आपण आणू शकायचो, पण त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागायचं. शेजारची बारावी झालेली मुलगी तयार झाली. ती कला शाखेची, नावे-जमा तिच्या गावीही नव्हतं. मी भराभर आकडे सांगायचो, ती भलत्याच बाजूला लिहायची. ताईंनी फोनवर आमचा सराव ऐकला आणि एवढंच सांगितलं: "आधी बाजू, मग रकाना, मग आकडा. आणि लिहून झालं की तिला 'हं' म्हणू दे." त्या 'हं'ने ताळेबंद जुळायला लागला. तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. मला ते ऐषआरामाचे वाटायचे, पहिल्या पेपरला शेवटच्या मिनिटापर्यंत पुरवून वापरले.

आता एका पतसंस्थेत आहे. मुलाखतीला ताईंच्या सांगण्यावरून लॅपटॉपच नेला आणि एनव्हीडीएवर एक्सेलची बेरीज करून दाखवली. हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, मग त्याचा अंध मित्रही सोबत आला. फुकट मिळतो. संचालकांना मी कसा दिसतो याऐवजी ते यंत्र इतकं भराभर काय बोलतंय, याचंच कुतूहल जास्त. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची बटणं मात्र त्याला वाचता येत नाहीत. त्या बटणांना नावं द्यायला सांगणारा मेल कंपनीला केलाय. तोवर जुळवणीचं काम मी एक्सेलमध्ये करतो आणि नोंदी शेजारच्या टेबलावरून चढतात.